तिसऱ्या हाकेपर्यंत

हिर्डोशीच्या वर, वरंध्याच्या अंगाला, एका दरीच्या दोन काठांवर दोन वाड्या आहेत. एक अल्याडची, एक पल्याडची. कागदावर त्यांची नावं वेगळी असतील, पण तो कागद घेऊन एवढं चढून जातंय कोण. अल्याडच्या ओट्यावर बसलं की पल्याडच्या चुलीचा धूर दिसतो. तिकडं कोंबडं आरवलं की इकडचं त्याला उत्तर देतं. पण चालत जायचं म्हणाल तर ओढ्यात उतरा, परत कडा चढा, आणि तोवर दिवस कलतो. म्हणून दोन्ही वाड्यांचा सगळा कारभार चालायचा तो हाकेवर.

हाक म्हणजे कुकारी. तोंडाशी दोन्ही हातांचा द्रोण धरायचा आणि पोटातून लांब 'कूऽऽ' काढायचा. शहरातल्या माणसाला ती नुसती बोंब वाटते. एकदा भोरचा एक कारकून आला होता, तो म्हणाला, तुमच्याकडं माणसं कोल्ह्यासारखी ओरडतात. म्हणू दे. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की त्याच्या देखत त्याचीच बातमी पल्याड पोचली होती. वाघरू दिसलं तर कुकारी आखूड आणि घाईची. लग्न जमलं तर शेवटाला वर उचललेली. कुणी गेलं तर एकच लांब, हळूहळू खाली बसत जाणारी, आणि ती ऐकली की उत्तर द्यायचं नाही, हातातलं काम ठेवून बाहेर येऊन उभं राहायचं. आणि जंगलाचा शिपाई चढताना दिसला की बायका 'लालीऽऽ, ये लालीऽऽ' करून गाईला हाका मारायच्या. दोन्ही वाड्यांत मिळून लाली नावाची गाय कुणाकडंच नव्हती. पण त्या हाकेसरशी कोयते-कुऱ्हाडी गवतात जायच्या आणि शिपाईबुवा वर येईपर्यंत सगळी माणसं देवाघरच्यासारखी गरीब होऊन बसलेली असायची.

ह्या हाकांच्या राज्यात ठकुबाई राणी होती. वेल्ह्याकडनं लग्न होऊन आली तेव्हा वाळकी, काळीसावळी, वाऱ्यानं उडेल अशी पोर. बायका म्हणाल्या, सोनबानं ही काडी कशाला उचलून आणली. पण पहिल्या पंधरवड्यातच तिनं गुरांसाठी कुकारी दिली आणि पल्याडची माणसं घरातनं बाहेर आली. देव तिच्या अंगावर मांस घालायला विसरला होता, सगळं गळ्यात ओतून बसला होता. तेव्हापासनं कुणाचं काही पल्याड सांगायचं असलं की माणसं तिच्या दारात. "ठकुबाई, तेवढं गेनबाला सांग, उद्या औताला बैल पायजे." ती दरीच्या टोकावर जाऊन उभी राहायची, हातांचा द्रोण करायची आणि सांगायची. दरीचा ओढा कितीही खळखळत असो, ठकुबाईचं सांगणं पोचलं नाही असं कधी झालं नाही. तिलाही त्याचा तोरा होता. असणारच. गरिबाला मिरवायला काहीतरी लागतंच की.

आता ह्या हाकांचा एक कायदा होता, आणि आपली सगळी गोष्ट त्या कायद्यावर आहे, म्हणून तो नीट सांगतो. उघडीप असली, माणूस डोळ्यांना दिसत असला, तर पहिल्या हाकेला ओ द्यायला हरकत नाही. पण धुकं उतरलं, हाक मारणारा दिसत नसला, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली तरच द्यायची. कारण दरीत चकवा असतो. तो माणसांचे आवाज ऐकून ऐकून उचलतो, पण त्याला दम एकाच हाकेपुरता. माणूस तीनदा हाक मारतो. चकवा एकदाच मारतो आणि तुमच्या ओची वाट बघत बसतो. ओ दिली की तुम्ही त्याला बांधले गेलात. मग पाय आपोआप दरीकडं निघतात, किंवा माणूस अंथरूण धरतो आणि उठत नाही. हसू नका. त्या धुक्यात एकदा उभं राहून बघा, स्वतःचा हात दिसत नाही तिथं, आणि मग बोला.

ठकुबाईला हा कायदा शिकवला तिच्या सासूनं, धोंडाबाईनं. माहेरी वेल्ह्याकडं मोकळा माळ, तिथं असलं काही नव्हतं. सासरच्या पहिल्याच श्रावणात धुक्यातनं हाक आली आणि नवी नवरी पटकन ओ द्यायला गेली. धोंडाबाई भांडी घासत होती. ती तशीच उठली आणि राखेनं भरलेला हात तिनं सुनेच्या तोंडावर दाबला. इतका, की ठकुबाईच्या दातांत राख गेली.

"तिसरी येऊ दे," धोंडाबाई म्हणाली. "तवर तुझं त्वांड तुझं न्हाई."

मागनं दुसरी आली, तिसरी आली. हाक मारणारा सोनबाच होता, गुरं घेऊन येत होता. पण सासूनं त्या रात्री मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या त्या टाकल्याच.

सोनबाला ह्या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. माणूसच तसा होता, हसरा. जेवायला बसला की चुलीपाशी हातभर अंतरावर बसलेल्या बायकोला तीनदा कुकारी द्यायचा, अगदी हळू. नाव काही घ्यायचा नाही, तेव्हा नवरा बायकोचं नाव घेत नसे. पण त्याच्या कुकारीची शेपटी नेहमी तुटकी, शेवटाला 'हो' लावल्यासारखी. ठकुबाई मान खाली घालून भाकरी थापत राहायची. तिसरी झाली की तो म्हणायचा, "झाली न्हवं तिसरी? आता तरी ओ दे की. का म्या चकवा हाय?" मग ती पदरात हसायची आणि ताटात भाकरी टाकायची. फुला नावाची एक लेक झाली. दिवस बरे चालले होते.

भाटघरचं धरण नुकतं बांधून झालं होतं त्या सुमाराची गोष्ट. भादव्याचा महिना. दुपार कलली तेव्हा गुरं घरी आली, पण त्यांत एक कालवड नव्हती. सोनबा डोक्यावर इरलं घालून तिला शोधायला निघाला. जाताना म्हणाला, "ही आली की निघालोच माघारी. भाकर उतरवून ठेव." आणि तो गेल्यावर थोड्या वेळानं दरीतनं धुकं वर आलं. असं आलं की अंगणातलं आंब्याचं झाड नाहीसं झालं.

ठकुबाई टोकावर जाऊन उभी राहिली. सासूही मागोमाग आली. खाली ओढा गर्जत होता. वारा असा नव्हता, मधेच एखादी झुळूक यायची आणि पडायची. बराच वेळ दोघी उभ्या होत्या. आणि मग हाक आली.

एक. लांब, खालच्या अंगानं, शेवटाला तुटलेली.

ठकुबाईचं तोंड उघडलं. ओ अगदी ओठापर्यंत आली होती. आणि तिनं काय केलं, तर आपलाच हात आपल्या तोंडावर दाबला. कुणाला सांगावं लागलं नाही. इतक्या वर्षांची सवय ती. हाताला राख नव्हती, तरी दातांत राख कचकचली असं तिला वाटलं.

"थांब," धोंडाबाई म्हणाली.

दोघी थांबल्या. जिवाचा कान करून थांबल्या. दुसरी आली नाही. तिसरी आली नाही. ओढा तेवढा चालला होता. शेवटी धोंडाबाई म्हणाली, "बगितलंस? म्हनलं न्हवतं? चल घरात." आणि सुनेला दंडाला धरून तिनं आत नेलं. कालवड तिन्हीसांजेला आपली आपण दारात येऊन उभी राहिली. सोनबा आला नाही.

रात्री माणसं पलिते घेऊन फिरली, पण धुक्यात पलित्याचा उपयोग हातभर. सकाळी उघडीप झाल्यावर सोनबाचा दोस्त, पल्याडचा गेनबा, कड्याच्या पोटात उतरला आणि त्याला सोनबा सापडला. गेनबानं एकट्यानंच त्याला खांद्यावर घालून वर आणला, कुणाला खाली येऊ दिलं नाही. वर आल्यावर त्याचं पहिलं बोलणं काय, तर, "वैनी, पडल्या पडल्या जीव गेलाय. त्याला काय कळलंबी न्हाई."

ठकुबाईनं विचारलं, "मंग हाक?"

"कसली हाक?"

तिनं सांगितलं. गेनबा म्हणाला, "ती सोनबाची न्हवं. पडल्या पडल्या गेलेला मानूस हाक कशी मारंल? चकव्याची व्हती ती. तुमी ओ दिली न्हाई ह्येच बरं झालं, न्हाईतर फुला उघडी पडली असती."

हे बोलणं ठकुबाईनं घट्ट धरलं. बुडत्यानं मुळी धरावी तसं. कारण ते खरं असलं तर ती सुटत होती. आणि खरं नसलं, तर तिचा नवरा कड्याखाली जिता होता, त्यानं तिला हाक मारली होती, आणि सगळ्या मावळात जिचा गळा मोठा तीच तोंड दाबून उभी राहिली होती. बाईच्या वाट्याला एवढाच एक प्रश्न आला, आणि तो तिला पुढं पंधरा वर्षं पुरला.

सोनबाचा पटका गेनबानं वेगळा आणून दिला. लाल पटका, उभा फाटलेला, त्यातली एक लांब पट्टी नव्हतीच. "करवंदीच्या जाळीत गुतला व्हता," गेनबा म्हणाला. ठकुबाईनं तो धुतला. धुताना तिच्या बोटांना कळलं, की काट्यानं फाटलेलं कापड असं नसतं. काटा ओरबाडतो, चिंध्या करतो, असा सरळ उभा टरकावत नाही. पण मन तिथवर गेलं आणि थांबलं. तिनं पटक्याची घडी घातली आणि उतरंडीच्या तळाच्या मडक्यात ठेवून दिली.

पुढच्या भादव्यात हाक परत आली.

तसंच धुकं, तशीच दुपार, आणि दरीतनं एक हाक. लांब, खालच्या अंगानं, तुटकी. ठकुबाई अंगणात शेणी उचलत होती. तिच्या हातातल्या शेणी पडल्या. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, कसली हाक, काय न्हाई. धोंडाबाई उंबऱ्यात बसली होती, तिला विचारलं, तर म्हातारीनं मान फिरवली. त्या वर्षापासनं कुठलंच वर्ष रिकामं गेलं नाही. कधी धुकं उतरलं की लगेच यायची, कधी दोन-चार दिवस वाट बघायला लावायची. पण यायची. दुसरी कधी यायची नाही. ठकुबाईनं कानात कापूस घातला. धुकं दिसलं की ती जात्यावर बसायची आणि दळण नसलं तरी रिकामं जातं फिरवायची, घरघर होत राहावी म्हणून. तरी ऐकू यायची. हात आपसूक तोंडावर जायचा.

आणि तिची स्वतःची कुकारी बंद झाली. माणसं सांगायला यायची, तर ती म्हणायची, गळा बसलाय. गळा कसला बसतोय. पण लोकांनी ओळखलं आणि यायचं थांबवलं. मग दुसरी कुणी कुणी पोरं टोकावर उभी राहून घसा फोडायची, आणि पल्याड 'बैल'च्या जागी 'बामण' ऐकू जायचं, मग माणसं बामणालाच घेऊन चढून यायची. दोन्ही वाड्यांना ठकुबाईची किंमत तेव्हा कळली.

देवऋषी आणला. त्यानं टोकावर खिळा ठोकला, नारळ दिला, आणि बजावलं, "आवाज त्येचाच हाय, पर त्यो न्हाई. ओ देशील तर वरीस पघायची न्हाईस." लेकीचं लग्न होऊन ती कामथडीला नांदत होती. तिनं आईला तिकडं नेलं. कामथडी सडकेच्या कडेचं गाव, मोकळं रान, दरी नाही की धुकं नाही. तिथं ठकुबाईनं आयुष्यात पहिल्यांदा मोटारीचा भोंगा ऐकला. मोटार लांबनं भोंगा देई, माणसं बाजूला होत, मोटार निघून जाई. ठकुबाईनं जावयाला विचारलं, "ह्येला ओ कुनी देत न्हाई?" जावई हसला. म्हणाला, "आत्याबाई, त्यो बाजूला व्हा म्हनून सांगतो. ओ कशाला पायजे त्येला?" तिला ते काही पटलं नाही. हाक मारायची आणि ओ न घेता पुढं जायचं, हे कसलं बोलणं. भादवा लागायच्या आत ती उठून घरी निघाली. लेक रडली, आये, तिकडं जाऊन पुन्ना त्येच ऐकनार का? ठकुबाई म्हणाली, "म्या न्हाई तर ऐकायला कोन हाय तिथं?"

खरी गोष्ट अशी होती, की त्या हाकेची तिला धास्ती होती, आणि ती हाक नसती तर तिला जगवलं नसतं. दोन्ही खरं. माणसाचं असंच असतं, त्याला कोण काय करणार.

मधल्या काळात धोंडाबाई थकली. तोंडानं ती शेवटपर्यंत एकच म्हणत राहिली, "माजं लेकरू म्या वळकनार न्हाई व्हय? ती हाक त्येची न्हवती." पण एक गोष्ट ठकुबाईच्या ध्यानात आली होती. सोनबा गेल्यापासनं म्हातारी पहिल्याच हाकेला ओ देऊ लागली होती. कुणीही हाक मारो, कुणालाही मारो. शेजारी पोराला कुणी बोलावलं तरी ही घरातनं 'ओ' म्हणून उठायची. धुकं असो नसो. ज्या बाईनं सुनेच्या तोंडावर राखेचा हात दाबला, ती. मरायच्या आदल्या दिवशी छपरावर कावळा ओरडला, त्यालाही तिनं ओ दिली. ठकुबाईनं हे बघितलं आणि त्याबद्दल सासूला एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर दोघींपैकी एकीला खोटं बोलावं लागलं असतं.

गेनबा मात्र वरचेवर यायचा. दरी उतरून, चढून, मुद्दाम. कधी भाजीची जुडी, कधी मूठभर वरी. बसायचा, तंबाखू चोळायचा आणि जाताना न चुकता म्हणायचा, "वैनी, मनात काय आनू नगा. त्यो जागच्या जागी गेला." इतक्या वेळा म्हणायचा, की खरं माणूस एवढ्यांदा सांगत नाही हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं. ठकुबाई मान हलवायची. तिला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं असायचं.

मग लढाईचे दिवस आले. भोरच्या बाजारात रॉकेल मिळेना, कापड मिळेना. ठकुबाईचे केस पांढरे झाले, गुडघे धरले. भादवा आला, धुकं आलं. त्या दिवशी ती जात्यावर बसली होती, खरीच नाचणी दळत होती. आणि हाक आली.

एक. खालच्या अंगानं. लांब.

जात्याचा खुंटा तिनं सोडला. हात सवयीनं तोंडाकडं निघाला आणि मधेच थांबला. तिच्या मनात आलं, आता राहिलंय कोण आणि राहिलंय काय. लेक तिच्या घरी सुखात. सासू गेली. मी मेले तर रडायला गाय तेवढी. पंधरा वर्षं हा माणूस, नाहीतर चकवा, नाहीतर जो कोणी असेल तो, दर भादव्याला एक हाक मारतोय आणि उपाशी परत जातोय. दे त्याला ओ आणि सूट एकदाची. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत टोकाशी गेली, देवऋष्यानं ठोकलेल्या खिळ्याशी उभी राहिली. हातांचा द्रोण केला. आणि तिनं ओ दिली.

गळा गंजला नव्हता. ती ओ दरीत गेली, पलीकडच्या कड्याला लागली आणि परत आली. ठकुबाईनं डोळे मिटले आणि मरणाची वाट बघत उभी राहिली.

मरण आलं नाही. खालनं दुसरी हाक आली.

बारीक, रडकी, घाईची. मग तिसरी. मग "कोन हाय वर, अगं आय गं" असं काहीतरी. चकव्याला दुसरी हाक मारता येत नाही. म्हणजे खाली माणूस होतं. तिनं तशीच वाघराची आखूड कुकारी सुरू केली, जी तिनं इतकी वर्षं तोंडातनं काढली नव्हती, आणि वाडीतली माणसं धावत आली. "खाली मानूस हाय," ती म्हणाली, "दोर घ्या. म्या हितनं ओ देत ऱ्हाते, तुमी माज्या आवाजाला पाठ करून सरळ खाली उतरा." ती टोकावर उभी राहून सारखी ओ देत राहिली. खालचा माणूस त्या ओला हाक देत राहिला. माणसं त्या दोन आवाजांच्या मधनं उतरली आणि त्याला झोळीत घालून वर आणलं.

तो गेनबा होता. उतारावर वैरण कापताना शेवाळावरनं पाय सुटला, थेट कड्याच्या पोटात. नडगी मोडली होती. त्याला ठकुबाईच्याच घरात आणून चुलीपाशी निजवला. हाड बसवणाऱ्याला आणायला माणसं गेली. घरात ती दोघंच राहिली.

ठकुबाईनं त्याला गरम पाणी पाजलं आणि पाय बघायला खाली वाकली. गेनबानं कड्याखाली पडल्या पडल्या आपल्या पटक्याची उभी पट्टी टरकावली होती आणि पायाला खुरप्याची मूठ लावून ती गच्च गुंडाळली होती. ठकुबाई त्या पट्टीकडं बघत राहिली. मग तिची नजर कोपऱ्यात त्याच्या उरलेल्या पटक्याकडं गेली. सरळ उभा फाटलेला. उतरंडीच्या तळाच्या मडक्यात घडी घालून ठेवला होता, तसाच.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी खालनं हाका किती मारल्या?"

गेनबा दुखण्यानं अर्धाच शुद्धीत होता. त्याला वाटलं, ती विचारपूस करतीय. तो म्हणाला, "लई मारल्या, वैनी. सकाळधरनं मारतोय. गळा फुटला पार. वढ्याचा आवाज लई, काय वर येतच नसंल. तुमी ओ दिली म्हनून वाचलो, न्हाईतर..."

तेवढं बोलून तो थांबला. त्यानं ठकुबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

"मला एकच आली," ठकुबाई म्हणाली.

पंधरा वर्षं जे वाक्य गेनबा उतरून चढून येऊन तिला देत होता, ते त्याच्या तोंडाशी आलं असेल, पण बाहेर पडलं नाही. त्यानं डोळे मिटून घेतले आणि डोळ्यांतनं पाणी कानाकडं ओघळलं. ठकुबाईनं काही विचारलं नाही. सोनबाच्या पायाची पट्टी कुणी सोडली, कुठं टाकली, काहीच नाही. तिनं गेनबाच्या अंगावर घोंगडं नीट सारखं केलं आणि नाचणीचं पीठ सुपात भरत बसली. माणूस वाचला म्हणून वाडी आनंदात होती. दोन्ही वाड्यांत ठकुबाईचं नाव होत होतं. तिचा एकुलता एक आधार त्या दिवशी तिच्याच ओनं काढून नेला होता, हे तिला आणि गेनबाला सोडून कुणाला कळणार.

हाड बसवून, बांबूच्या कामट्या बांधून गेनबाला चार माणसांनी डोलीतनं पल्याड नेलं. त्याला दोन दिवस झाले तरी धुकं हटलं नव्हतं. पल्याड त्याच्या घरी बायको साळूबाई त्याच्या उशाशी बसून होती. दुपार कलायला आली होती. बाहेर पांढरं गच्च, ओढ्याचा आवाज, बाकी सगळं गपगार.

आणि अल्याडच्या टोकावरनं ओ आली. ठकुबाईची. लांब, भरलेली, दरी इकडून तिकडं भरून टाकणारी. मग जरा थांबून परत. मग परत. तिन्ही वेळा तीच ओ, अजिबात न तुटणारी. गुरं माना वर करून ऐकू लागली.

साळूबाई दारात गेली, कान देऊन उभी राहिली आणि परत आली. "अवो," ती म्हणाली, "ठकुबाई कुनाला ओ देतीया? हाक तर कुनी मारली न्हाई."

गेनबानं भिंतीकडं तोंड केलं.

"मारली व्हती," तो म्हणाला. "लई मारल्या व्हत्या."